२६ दिवसांत १२ शहरं, मग मैत्री कधी होणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका तिशीची आहे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. घर दिंडोरी तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग आहे. तिघी मैत्रिणींनी मिळून सप्टेंबरमध्ये पाठीवर सॅक टाकून युरोप फिरायचं ठरवलं होतं. एकीचं लग्न ठरलं, दुसरीला रजा मिळाली नाही. हिची २६ दिवसांची रजा मंजूर आहे आणि चार वर्षांत साठवलेले पैसे बँकेत आहेत. आई-वडिलांचं म्हणणं, "एकटी कशाला जातेस? आधी लग्न कर, मग दोघं जा, नाहीतर टूर कंपनीबरोबर जा." तिची स्वतःची भीती वेगळी आहे: "मी अबोल आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं. इतरांच्या प्रवासात किती मित्र होतात ते ऐकते, पण मी तिथे कोपऱ्यात मोबाइल बघत बसेन असं वाटतं. रद्द करू, टूरबरोबर जाऊ की एकटीच जाऊ?" तिने आखलेला मार्गही पत्रासोबत पाठवलाय. "मला तू म्हणा," असंही लिहिलंय.

---

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी तो मार्गाचा कागद काढला. पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, इंटरलाकेन, बार्सिलोना. जाण्या-येण्याचे दिवस वजा केले तर प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. हॉस्टेलमधून सकाळी दहा-अकराला बाहेर पडायचं, पुढच्या ठिकाणी दुपारी दोन-तीनशिवाय खोली मिळत नाही, मधे गाडी. म्हणजे प्रत्येक शहरात धड एक दिवस तुझ्या हाती. तू स्वतःला अबोल म्हणतेस, पण अखंड बोलणाऱ्या माणसालाही या वेळापत्रकात नाव-गाव विचारण्यापलीकडे जाता येणार नाही. तुझ्या भीतीचं निम्मं कारण मला तुझ्या स्वभावात दिसत नाही, या कागदात दिसतं.

मैत्री ही बोलघेवड्यांची मिरासदारी आहे, असं तू मनाशी ठरवून टाकलेलं दिसतंय. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने वर्षानुवर्षं मुंबईला अप-डाऊन करणारं कुणीतरी तुझ्या ओळखीत असेलच. त्यांना विचार. पहिल्या दिवशी मैत्री करायची म्हणून कुणी त्या गाडीत चढत नाही. तोच डबा, तीच वेळ, कसाऱ्याच्या आसपास उघडणारे तेच जेवणाचे डबे. काही आठवड्यांत जागा धरून ठेवली जाते, काही महिन्यांत घरचं सुखदुःख बोललं जातं. त्यांत गप्प बसणारेही भरपूर असतात आणि त्यांचीही घट्ट मैत्री होते, कारण ते रोज दिसतात. तीच माणसं पुन्हा दिसतील अशी सोय तुझ्या प्रवासात केलीस की तुझ्या अबोलपणाची मला फारशी काळजी वाटत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: जा, एकटीच जा, पण हा मार्ग बाजूला ठेव. "एवढे पैसे खर्च करायचे तर सगळं बघून घ्यावं" हे वाटणं मी समजू शकते. चार वर्षं साठवलेत तू. पण तुला त्या पैशांतून काय हवंय, हे पत्रात तूच लिहिलंयस. दोन पानी पत्रात एकाही इमारतीचं किंवा संग्रहालयाचं नाव नाही. माणसांबद्दल मात्र बरंच आहे.

आता एक पर्याय सांगते. हाच घ्यायला हवा असं नाही, त्यामागचा विचार घे. पत्रात तू ओझरता उल्लेख केलायस की तुझी आजी दरवर्षी निवृत्तीनाथांच्या दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जायची. युरोपातही शेकडो वर्षं चालत आलेली अशी एक पायी वाट आहे. स्पेनच्या वायव्येला सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, संत जेम्स, यांची समाधी आहे अशी श्रद्धा आहे. तिथवर जाणाऱ्या वाटांना कामिनो म्हणतात. २०२४ मध्ये जवळपास ५ लाख लोकांना ही यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यांत श्रद्धाळू असतात, नुसते चालणारे असतात, निवृत्त झालेले, नोकरी सुटलेले, दुःखातून सावरणारेही असतात. एकट्याने चालणारे तर खूपच.

सगळी वाट चालायची गरज नाही. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात. पोर्तुगालच्या सीमेवरचं तुई हे स्पॅनिश गाव सांतियागोपासून साधारण १२० किलोमीटरवर आहे. तिथून ओ पोरिन्यो, रेदोंदेला, पोंतेवेद्रा, काल्दास दे रेइस, पाद्रोन असे मुक्काम करत लोक सहा-सात दिवसांत पोहोचतात. वाटेवर पिवळे बाण रंगवलेले असतात. यात्रेकरूची एक पुस्तिका मिळते, तिच्यावर रोज शिक्के घ्यायचे. मुक्कामाला अल्बेर्गे असतात, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळाच. गॅलिसिया या तिथल्या प्रांतातल्या सरकारी अल्बेर्गेत साधारण १० युरोंत झोपायला जागा मिळते. तिथे आधी आरक्षण करता येत नाही, जो आधी पोहोचेल त्याला जागा. खासगी अल्बेर्गे थोड्या महाग असतात, पण आधी ठरवता येतात. रात्री दहाच्या सुमाराला दिवे बंद.

तुझ्यासारखीला हे का सोयीचं, ते बघ. ज्या आजोबांना सकाळी वाटेत ओलांडलंस तेच दुपारी कॉफीच्या टपरीवर भेटतात आणि रात्री शेजारच्या पलंगावर असतात. तिसऱ्या दिवशी तुझं नाव त्यांना ठाऊक असतं, तुझ्या टाचेला फोड आलाय हेही ठाऊक असतं. बोलायला विषय शोधावा लागत नाही: उद्या किती चालायचं, पाऊस येईल का, जेवण कुठे मिळेल. आणि दोन तास कुणाशी न बोलता चाललीस तरी कुणाला वावगं वाटत नाही.

इथे वडिलांच्या आक्षेपाबद्दलही बोलते. तुझी आजी तीन आठवड्यांहून जास्त दिवस सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा करत अनोळखी माणसांबरोबर चालली, शाळेच्या ओसरीवर आणि कुणाच्या खळ्यात झोपली. घरातली बाई एकटी लांब गेली असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, कारण सोबत दिंडी होती. ही गोष्ट बाबांसमोर वाद जिंकायला वापरू नकोस. त्यांना शांतपणे विचार, "आजी निघायची तेव्हा तुम्हाला कसली काळजी वाटायची आणि ती कशाने कमी व्हायची?" उत्तरात बहुधा असं काही येईल: कुठे मुक्काम आहे ते माहीत असायचं, ओळखीचं कुणीतरी असायचं, निरोप यायचा. या तिन्ही गोष्टींची सोय तुला करता येते. मुक्कामाचं पान छापून घरी भिंतीवर लाव. रोज ठरलेल्या वेळी एक निरोप धाड. सप्टेंबरमध्ये पोर्तुगाल आपल्या साडेचार तास मागे असतं आणि स्पेन साडेतीन तास, म्हणजे तिथल्या दुपारी तीन-चारचा निरोप आईला रात्री साडेआठपर्यंत मिळेल. संपूर्ण युरोपीय संघात अडचणीच्या वेळी ११२ हा एकच क्रमांक चालतो, तोही त्या पानावर लिही.

"आधी लग्न कर, मग दोघं जा" याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने ठाम आहे. लग्न कधी, कुणाशी हे तू ठरवशील. पण भावी नवऱ्याला फिरायला आवडेल, त्याला तेव्हाच रजा मिळेल, तेव्हा पैसे आणि प्रकृती दोन्ही साथ देतील, एवढ्या गोष्टी गृहीत धरून मंजूर झालेली रजा सोडू नये. नाशिक परिसरातून अशी पत्रं लिहिणाऱ्या इतर मुलींनाही मी हेच सांगेन.

टूर कंपनीचा पर्याय मी कमी लेखत नाही. तुझ्या आई-वडिलांना कधी युरोप दाखवायचा असेल तेव्हा तोच घे: वेळेवर जेवण, मराठी बोलणारा मार्गदर्शक, सामानाची चिंता नाही. पण त्या बसमध्ये बहुतेक कुटुंबं आणि जोडपी असतात आणि वेळापत्रक तुझ्या त्या कागदाइतकंच धावतं. एकटीने जायची हिंमत होतच नसेल तर घरी बसण्यापेक्षा ते बरं. तुझ्या पत्रातली कळकळ बघता ते तुला पुरेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. लोकांशी काय बोलायचं, असा तुझा प्रश्न. अगं, तू द्राक्षबागेत वाढलीस! पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराहून दोरू नदीच्या काठाकाठाने आगगाडी आत जाते. रेग्वा, पिन्याँव ही स्थानकं लागतात. पिन्याँवच्या स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. दोन्ही बाजूंना डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर बागा. या प्रदेशाच्या सीमा वाइनसाठी १७५६ मध्येच आखून दिल्या गेल्या आणि सप्टेंबर हा तिथला तोडणीचा हंगाम. तिथल्या बागायतदाराला तू एवढंच सांग, की आमच्याकडे एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि माल जानेवारी ते एप्रिल निघतो. त्याची वेल थंडीत सुप्तावस्थेत जाते, त्याची छाटणी हिवाळ्यात एकदाच. तो तुला सहज सोडणार नाही. त्याला तुमच्या डॉगरिज खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळावर तुम्ही द्राक्षाचं कलम करता त्याबद्दल, विचारू दे, तू त्याच्या खुंटाबद्दल विचार. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपच्या बागा मुळापासून संपवल्या, तेव्हापासून त्यांनीही अमेरिकन खुंटावर कलमं केली आहेत. डॉगरिजही मूळचा अमेरिकेतलाच. बाबांनी शिकवलेलं हे ज्ञान घेऊन तिथे फिरणारे प्रवासी फार थोडे. आणि रोज संध्याकाळी बाबांना फोनवर तिथल्या बागेचा फोटो दाखवलास तर त्यांच्या विरोधाचं काय होतं तेही बघ.

इतर वाचकांकडे द्राक्षबाग नसेल, पण काहीतरी असेलच. शिवणकाम येत असेल, कीर्तनाचा नाद असेल, सायकल दुरुस्त करता येत असेल, बुद्धिबळ खेळत असाल. मैत्री शोधायला निघताना आपल्याला ज्यात खरोखर रस आहे तिथे जा. पळणाऱ्यांसाठी युरोपातल्या बऱ्याच देशांत शनिवारी सकाळी पार्करन असते, पाच किलोमीटर, विनामूल्य, आणि नंतर बहुतेक ठिकाणी सगळे मिळून कॉफी पितात. अनेक शहरांत भाषा शिकणाऱ्यांच्या संध्याकाळी भरतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी आल्प्समधल्या, गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या डोंगरी झोपड्यांचा विचार करावा. तिथे रात्रीचं जेवण लांब टेबलावर अनोळखी लोकांच्या शेजारीच बसून होतं.

द्राक्षबागेवरून आठवलं, तुझ्यासाठी एक सावधगिरी. "राहायला-जेवायला देतो, बागेत काम करा" अशा जाहिराती दिसतील. पर्यटक व्हिसावर असं काम केलंस तर नियमभंगात अडकू शकतेस, मोबदल्यात पैसे नसले तरीही. बाग बघायला पैसे देऊन पाहुणी म्हणून जा.

हॉस्टेल निवडताना स्वस्त किती यापेक्षा स्वयंपाकघर आहे का, बसायला मोठं टेबल आहे का ते बघ. हॉस्टेलची कल्पनाच मुळी पायी फिरणाऱ्यांना एकत्र मुक्काम करता यावा यातून निघाली. १९०९ मध्ये रिशार्ड शिरमान हा जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी फिरत असताना वादळात सापडला, एका गावच्या शाळेत त्यांनी रात्र काढली आणि तिथून त्याला मुलांसाठी अशी वसतिस्थानं असावीत असं सुचलं. १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं हॉस्टेल सुरू झालं. आजही काही हॉस्टेलांत तोच भाव आहे, काहींत रात्रभर दारू आणि गोंगाट. अभिप्राय वाचताना "पार्टी" हा शब्द वारंवार आला तर पुढे सरक. सहा-आठ पलंगांची फक्त महिलांची खोली घे. पोहोचल्यावर पलंगाचा पडदा ओढून झोपू नकोस, आंघोळ करून स्वयंपाकघरात जा. लिस्बन आणि पोर्तोतल्या अनेक हॉस्टेलांत संध्याकाळचं एकत्र जेवण असतं, त्यात नाव घाल. "तू कुठली?" या प्रश्नावर गप्पा लवकर संपतात. "उद्या काय करणार आहेस? मी आले तर चालेल?" हे विचार. नकार आला तर तो त्या दिवसापुरता असतो.

सॅकमध्ये नाशिकचा चिवडा ने, टेबलावर मधोमध ठेव. मात्र तूप, पेढे, खव्याचे पदार्थ नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आईला हे आधीच सांग, नाहीतर ती लाडू बांधून देईल.

मराठी माध्यमाचं काय, तर हॉस्टेलच्या त्या टेबलावर बसलेल्या इटालियन, पोलिश, कोरियन मुलांचं इंग्रजीही शिकलेलंच असतं. तिथे साधी, सावकाश वाक्यं सगळ्यांना कळतात आणि भरभर बोलणाऱ्याला उलट थांबवावं लागतं. पोर्तुगीजमधला नमस्कार, धन्यवाद आणि "मी मांस-मासे खात नाही" एवढं पाठ कर.

धोक्यांबद्दल घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. लिस्बनची २८ क्रमांकाची ट्राम खिसेकापूंसाठी बदनाम आहे. पासपोर्ट आणि एक कार्ड अंगाशी ठेव, दुसरं कार्ड सॅकमध्ये. लॉकरला स्वतःचं कुलूप ने. आपल्या नजरेआड ओतलेलं पेय घेऊ नकोस. ओळख कितीही छान झाली तरी पहिल्या भेटीला गर्दीच्या जागी जा आणि कुठे चाललीस ते हॉस्टेलच्या काउंटरवर सांगून जा. कुणाचं वागणं खटकलं तर कारण देत बसू नकोस, उठ आणि निघ. खोली बदलून माग. आपण सभ्य दिसावं म्हणून अवघडून बसून राहायची सवय आपल्याकडच्या मुलींना फार लावलेली असते. ती घरी ठेवून जा.

आणि एकटं वाटणारच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी, नवलाई ओसरल्यावर, किंवा ओळख झालेली मुलगी पुढच्या गावी निघून गेल्यावर. त्या संध्याकाळी आपला प्रवास फसला असा निष्कर्ष काढू नकोस. घरी फोन कर, गरम जेव, लवकर झोप. प्रवासातल्या बऱ्याच ओळखी दोन दिवसांच्याच असतात आणि दोन दिवसांत त्या पूर्णही होतात. किती जणांचे नंबर घेऊन आलीस यावरून मोजदाद करू नकोस, मला पुढच्या पत्रात तो आकडा नको आहे.

जाण्याआधी इथे थोडी तालीम कर. अनोळखी ट्रेकिंग ग्रुपबरोबर अंजनेरीला जाऊन ये. एखाद्या रविवारी एकटी मिसळ खायला जा, मोबाइल पर्समध्ये ठेवून. सप्टेंबरच्या आधी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी मिळाली तर ती जरूर कर. छोटी फेरीही साधारण २० किलोमीटरची आहे, बूट आणि पाय दोन्ही तपासले जातील. सॅकचं वजन तुझ्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास राहू दे.

मार्ग मी असा आखला असता: लिस्बन ५ रात्री, पोर्तो आणि दोरू मिळून ६, तुई ते सांतियागो चालण्याच्या ७, सांतियागोत २, मग पोर्तोला परत. शेवटच्या ३-४ रात्री मोकळ्या ठेव. वाटेत कुणाशी जमलं आणि ती म्हणाली "माझ्याबरोबर चल", तर हो म्हणायला दिवस हवेत. व्हिसासाठी मुक्काम दाखवावे लागतात, तेव्हा त्या रात्रींचं रद्द करता येण्याजोगं आरक्षण कर.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त राहणार त्याच्याकडे करायचा. या मार्गात तो पोर्तुगाल. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो, आणि निर्णयाला १५ दिवस धरले जात असले तरी ४५ पर्यंत लागू शकतात. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा भराभर संपतात, म्हणून मे महिन्यातच मुंबईची तारीख घे. शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, गेल्या काही महिन्यांचं बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्र आणि कारखान्याचं रजा मंजुरीचं पत्र लागेल. एचआरकडून ते पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह, परत रुजू होण्याची तारीख लिहून घे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. तुझा पासपोर्ट कधी संपतो ते पत्रात नाही. आज रात्रीच कपाटातून काढून तारीख बघ. नूतनीकरण करायचं असेल तर त्या कामाला सगळ्यात आधी लाग.